पदककार व्हायचंय? मग आधी माती मळा

नोबेल शांतता पारितोषिकाच्या पदकाची घडण नॉर्वेच्या गुस्ताव व्हिगेलान यांची. ऑस्लोच्या उद्यानात पुढे दोनशेहून अधिक शिल्पं उभी करणारा हा माणूस. पण 66 मिलिमीटरच्या त्या पदकाचा ठसा, म्हणजे धातूवर छाप पाडणारा पोलादी साचा, कोरायची वेळ आली तेव्हा काम स्वीडनच्या एरिक लिंडबर्ग यांच्याकडे गेलं, कारण व्हिगेलान यांना ठसे कोरायची सवय नव्हती. लिंडबर्ग पदककाराच्याच घरात वाढलेले, वडीलही याच धंद्यात.

नव्याने येणाऱ्या मुलामुलींना मी ही गोष्ट मुद्दाम सांगतो. पदक म्हणजे छोटं शिल्प, असं अर्ध्या लोकांना वाटतं. उरलेल्यांना वाटतं, ते सोनाराचं काम. खरं तर पदककाराला शिल्पकाराचं सगळं यावं लागतं आणि मग त्यातली खोली काढून टाकता यावी लागते. इंचभर खोलीचं नाक एका मिलिमीटरमध्ये बसवायचं आणि तरीही ते नाकच दिसायला हवं. बाकी सारं शिक्षण या एका गोष्टीभोवती फिरतं. म्हणून खाली दिलेला क्रम मोडू नका. थेट पदकापासून सुरुवात केलेल्यांचे चेहरे वर्षानुवर्षं चपटेच राहतात.

पहिली पायरी: नाणी बघा, पण नीट

मुंबईत असाल तर फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय गाठा. नाशिककडचे असाल तर अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथलं संग्रहालय बघा. क्षत्रप घराण्यातला राजा नहपान याची चांदीची नाणी शोधा. जेमतेम दीड सेंटिमीटर व्यास, आणि त्यात एका माणसाचा चेहरा: जाड नाक, ओठावर मिशी, वयाने सुटलेले गाल. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कुणा अनाम ठसेकाराने हे केलंय. 1906 साली नाशिकजवळच्या जोगलटेंभीला या नाण्यांचा मोठा साठा सापडला, तेरा हजारांहून अधिक. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर नहपानाला हरवणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हं पुन्हा ठोकून घेतली होती. इतिहासाच्या पुस्तकात ही लढाईची गोष्ट असते. आपल्यासाठी ती ठशाची गोष्ट आहे. वरून दुसरा ठसा बसल्यावरही खालचं नाक किंवा हनुवटी कुठे शिल्लक राहते ते बघा. उठावाचा, म्हणजे सपाटीतून वर आलेल्या आकाराचा, सगळ्यात उंच भाग आधी चिरडला जातो, खोलातलं टिकतं.

घरी हाच सराव खिशातल्या नाण्यावर करा. खोली अंधारी करून एका बाजूने, जवळजवळ सपाट कोनात टॉर्च धरा आणि नाणं हळूहळू फिरवा. समोरून उजेड पडला की उठाव मरतो, बाजूने पडला की जिवंत होतो. मग जे दिसतं ते पेन्सिलने तळहाताएवढ्या वर्तुळात काढा. रेषा नको, फक्त छाया.

मोठं उठावशिल्प बघायचं तर क्रॉफर्ड मार्केटच्या कमानींवर वर मान करून बघा. ती शिल्पं जॉन लॉकवूड किपलिंग यांची. ते जे. जे. स्कूलमध्ये शिल्पकला शिकवायला 1865 साली मुंबईत आले. खरेदीला रोज हजारो माणसं खालून जातात, वर कुणी बघत नाही.

दुसरी पायरी: गोल शिल्प, आणि तेही माणसाचं डोकं

उठाव करायच्या आधी चारही बाजूंनी फिरून बघता येईल असं डोकं करायला शिका. लाकडी पाट, मधे लोखंडी नळी, वर तारेचं आर्मेचर म्हणजे आतला सांगाडा, त्याला छोटे लाकडी तुकडे बांधलेले, म्हणजे ओली माती घसरत नाही. माती शाडूची चालते. स्वस्त आहे आणि पुन्हा पुन्हा मळता येते. फक्त रोज ओलं फडकं आणि वरून प्लॅस्टिक गुंडाळावं लागतं. प्लॅस्टिसिन, म्हणजे तेलात मळलेली तयार माती, महाग पडतं, पण सुकत नाही, म्हणून ते पुढे पदकाच्या कामासाठी राखून ठेवा.

डोक्यात आधी कवटी करा, चेहरा नंतर. गालाचं हाड, कानाची जागा, मानेचा कोन. सगळे नवशिके डोळ्यांवर तुटून पडतात आणि मग ते डोळे चुकीच्या कवटीवर बसतात. कंपास घेऊन मापं घ्या: कानापासून नाकाच्या टोकापर्यंत, हनुवटीपासून भुवईपर्यंत. लाज वाटू देऊ नका, मोठमोठे शिल्पकार मापं घेतात.

हे शिकायचं कुठे? महाराष्ट्रात शिल्पकलेसाठी पहिलं नाव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचंच. 1857 पासूनची संस्था आहे. बाहेर जायची तयारी असेल तर बडोद्याची फाइन आर्ट्स फॅकल्टी किंवा शांतिनिकेतनचं कलाभवन. पदवी चार वर्षांची असते. प्रवेश परीक्षेचे नियम बदलत असतात, त्यामुळे त्या वर्षीची माहितीपुस्तिकाच बघा, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका. शाळेतच एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिल्या असतील तर हात बराच तयार झालेला असतो.

पण कॉलेजाइतकीच दुसरी शाळा म्हणजे कारखाना. विनायक पांडुरंग करमरकर अलिबागजवळच्या सासवण्याचे. घरात गणपती करायचे, हात तिथे बसला. कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांनी त्यांचं काम पाहिलं आणि त्यांची जे. जे.त जायची सोय झाली, पुढे ते लंडनलाही शिकले. सासवण्याला त्यांच्या घरात आज शिल्पांचं संग्रहालय आहे. एकदा जाऊन या, बघायला पैसे फारसे लागत नाहीत आणि सिमेंटसारख्या रुक्ष मालातून कातडीचा मऊपणा कसा काढलाय ते कळतं. तुम्हालाही सुट्टीत पेण, हमरापूर भागातल्या एखाद्या गणपतीच्या कारखान्यात काम मिळालं तर जरूर करा. साचा कसा उघडतो, माती कुठे तडकते, शंभर मूर्तींत हात एकसारखा कसा ठेवायचा, हे वर्गात शिकवत नाहीत. आखणीचं, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवायचं, काम लगेच हाती मिळणार नाही. माती मळायला आणि सांधे पुसायला लावतील, तेच करा.

तिसरी पायरी: उठाव

इथे घाई करू नका. या कलेतली खरी अडचण हीच आहे.

पंचवीस सेंटिमीटर व्यासाची प्लास्टरची सपाट थाळी ओता. तिच्यावर पेन्सिलने वर्तुळं आखा: बाहेरची कड, अक्षरांची पट्टी, आतला भाग. पहिला चेहरा बाजूने घ्या. पंधराव्या शतकात इटलीच्या पिसानेल्लोने बायझंटाइन सम्राट आठव्या जॉनचं पदक केलं. आधुनिक पदकाची सुरुवात तिथून धरतात, आणि तोही चेहरा बाजूचाच आहे. बाजूचा चेहरा बाह्यरेषेवर ओळखू येतो. पाऊण चेहऱ्यात नाक आपल्याकडे वळतं आणि ती वळलेली खोली दीड मिलिमीटरमध्ये दाखवणं हे वर्षांचं काम आहे.

आता हिशेब. मॉडेल 25 सेंटिमीटर, पदक होणार 5 सेंटिमीटर, म्हणजे पाच पट लहान. मॉडेलवर 8 मिलिमीटरचा उठाव पदकावर 1.6 मिलिमीटर होतो. मॉडेलवर प्रेमाने काढलेली 1 मिलिमीटरची केसांची रेघ पदकावर 0.2 उरते, म्हणजे पॉलिश केल्यावर गायब. त्यामुळे केस एकेक काढायचे नसतात, बटांचे पुंजके करायचे असतात. भुवई म्हणजे केस नव्हे, हाडाची कड.

प्लॅस्टिसिनचा पातळ थर बाह्यरेषेत दाबून बसवा. मग स्वतःला विचारा: सगळ्यात उंच काय आहे? बाजूच्या चेहऱ्यात बहुतेक वेळा गालाचं हाड आणि कानामागचा केसांचा भाग. नाकाचा शेंडा आणि कपाळाची कड तर पार्श्वभूमीपाशी उतरलेली असते. नवशिक्याचा चेहरा ओळखायची खूण म्हणजे चहूबाजूंनी सरळ उभी भिंत, पोळपाटावर बिस्किट ठेवल्यासारखी. तसं होऊ देऊ नका. नाकाजवळ कड थोडी धारदार ठेवा, मानेमागे आणि डोक्याच्या मागच्या बाजूला ती पार्श्वभूमीत विरघळू द्या. कुठे कड ठेवायची आणि कुठे हरवायची, यातच पदककाराची सही असते.

डोळ्याची एक ठरलेली चूक आहे: चेहरा बाजूचा, डोळा समोरचा. बाजूने डोळा आडव्या त्रिकोणासारखा दिसतो, पापणी पुढे, बुबुळ अर्धवट. आरशासमोर दुसरा आरसा धरून स्वतःचाच बघा. आणि कान! कानाची वळणं करायला मजा येते म्हणून लोक तो इतका उंच करतात की पदकात आधी कानच दिसतो.

टेबललॅम्प वर डाव्या बाजूला ठेवून काम करा, पण दर थोड्या वेळाने थाळी फिरवून उजेड उजवीकडून, खालून येऊ द्या. एकाच उजेडात छान दिसणारा चेहरा बहुतेक वेळा खोटा असतो. फोनमध्ये फोटो काढून तो पदकाच्या मापाएवढा लहान करून बघणं हीसुद्धा चांगली युक्ती आहे. त्या आकारात माणूस ओळखू आला नाही तर बारकावे वाढवून उपयोग नाही. मोठे आकार चुकलेत.

अंडरकट ठेवायचा नाही, हा नियम डोक्यात कोरून ठेवा. ठशाने पदक पाडायचं असेल तर कुठलीही भिंत आतल्या बाजूला कललेली चालत नाही, नाहीतर धातू ठशातून सुटणार नाही.

पदकावर काय मावतं?

फार थोडं मावतं. परमवीर चक्र बघा. 35 मिलिमीटरचं कांस्य, मध्ये राजमुद्रा, भोवती इंद्राची चार वज्रं. मागे हिंदी आणि इंग्रजी अक्षरं, त्यांच्या मधे दोन कमळं. बस. याची रचना सावित्रीबाई खानोलकरांची. जन्माने त्या स्वित्झर्लंडच्या, लग्नाने मराठी लष्करी अधिकारी विक्रम खानोलकरांच्या घरात आल्या, आणि इथल्या पुराणांचा त्यांचा अभ्यास दांडगा होता. दधीचीने वज्रासाठी आपली हाडं दिली, एवढी मोठी कथा चार छोट्या आकारांत बसली. तुमच्याकडे संस्थेचे लोक येतील आणि म्हणतील, संस्थापकांचा चेहरा, इमारत, बोधचिन्ह, दिवा, पुस्तक, सूर्य आणि शताब्दीचं वर्ष सगळं घाला. त्यातलं काय काढायचं हे सांगणं तुमचं काम आहे, आणि त्याचेही पैसे घ्या.

एक सावधगिरी. राजमुद्रेचे सिंह हौसेने खासगी पदकावर घालू नका. 2005 च्या कायद्याने त्यावर बंधन आहे.

चौथी पायरी: देवनागरी अक्षरं वर्तुळात

पाश्चात्त्य पदकांची तंत्रं शिकवणारे हा भाग शिकवत नाहीत, कारण त्यांना तो लागत नाही. रोमन अक्षरं कडेने फिरवायची तर दोन अक्षरांत अंतर वाढवलं की झालं. आपल्याकडे शिरोरेखा आहे. ती कडेला समांतर कमानीसारखी फिरते आणि अंतर वाढवलं की तीही ताणली जाते, शब्द लोंबायला लागतो. शिवाय शिरोरेखेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार. म्हणजे एका ओळीला तीन मजल्यांची जागा लागते. आधी सगळ्यात उंच अक्षर आणि सगळ्यात खोल अक्षर शोधा, उदाहरणार्थ ‘कीर्ती’ आणि ‘कूट’, आणि त्यावरून पट्टीची रुंदी ठरवा. उलटं केलंत तर अनुस्वार कडेत घुसतो.

जोडाक्षरांतल्या पोकळ्या मोठ्या ठेवा. ‘श्री’, ‘द्ध’, ‘क्ष’ यांची पोटं लहान आकारात धातूने भरून येतात. जमेल तिथे अक्षरांची संख्याच कमी करा. संगणकातला फॉन्ट जसाच्या तसा उचलू नका. त्याच्या बारीक रेघा पदकावर तुटतात. जाडी शक्यतो एकसारखी असलेलं वळण स्वतः काढा.

अक्षरं मातीत वर चिकटवण्यापेक्षा प्लास्टरच्या उलट साच्यात, आरशातल्यासारखी उलटी कोरणं चांगलं. कडा स्वच्छ येतात. उलटं लिहायचा सराव वहीत करा, महिनाभरात हात वळतो.

पाचवी पायरी: प्लास्टर

पाण्यात प्लास्टर घालायचं, प्लास्टरमध्ये पाणी नव्हे. मुठीने भुरभुरत राहा. पाण्याच्या वर बेटं दिसायला लागली की थांबा. मिनिटभर भिजू द्या, मग हात तळाशी ठेवूनच ढवळा, नाहीतर हवेचे बुडबुडे येतात. वजनाने मोजायचं तर शंभर भाग प्लास्टरला साधारण सत्तर भाग पाणी. उरलेलं प्लास्टर मोरीत ओतू नका. तिथेच गोठतं आणि मग प्लंबरची वाट बघावी लागते.

गोल शिल्पासाठी वेस्ट मोल्ड, म्हणजे एकदाच वापरून फोडायचा साचा, करतात, तो एकदा तरी स्वतः करा. मातीच्या शिल्पावर पहिला थर प्लास्टरमध्ये थोडी नीळ घालून पातळ लावतात, वरचा जाड थर पांढरा. मग माती काढून, आतून साबण लावून, त्यात प्लास्टर ओतलं जातं. गोठलं की बोथट छिन्नीने बाहेरचा साचा फोडत यायचं. पांढरं फुटतं तोवर हात मोकळा चालतो. निळं दिसलं की श्वास धरायचा, कारण त्याच्याखाली तुमचा चेहरा आहे. छिन्नी पृष्ठभागाला काटकोनात ठेवली तर निळी कपची आपोआप सुटते. तिरकी ठेवली तर नाकाबरोबर येते.

प्लास्टरला दुय्यम समजू नका. गणपतराव म्हात्र्यांची ‘मंदिरपथगामिनी’ विद्यार्थिदशेतली, प्लास्टरचीच. 1896 साली तिला बॉम्बे आर्ट सोसायटीचं रौप्यपदक मिळालं.

सहावी पायरी: धातू

इथे दोन वाटा फुटतात. पाच-दहा पदकं हवी असतील तर ओतकाम. मेणाची प्रत, त्यावर साच्याचा मसाला, भट्टीत मेण वितळून जातं आणि जागा धातू घेतो. कांस्य थंड होताना शेकडा दीड ते दोन आकसतं, म्हणून मॉडेल तेवढं मोठं धरा. ओतलेल्या पदकात उठाव उंच ठेवता येतो, पृष्ठभाग जिवंत राहतो. शिकणाऱ्याने याच वाटेने सुरुवात करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

शेकडो पदकं हवी असतील तर डाय, म्हणजे पोलादी ठसा. पूर्वी मोठ्या मॉडेलवरून लहान ठसा कोरणारं रिडक्शन मशीन असे. एका टोकाला काटा मॉडेलवर फिरायचा, दुसऱ्या टोकाला कटर पोलाद कापायचं. आता मॉडेल स्कॅन होतं आणि संगणकावर चालणारं सीएनसी यंत्र ठसा कापतं. काही जण माती सोडून थेट संगणकातच चेहरा करतात. त्याला माझा विरोध नाही. पण उठाव दाबून चपटा करायचं बटण नाक, कान, गाल सगळं सारख्याच प्रमाणात दाबतं, आणि हाताने केलेल्या उठावात प्रत्येक भाग वेगळ्या प्रमाणात दाबलेला असतो. म्हणून ती पदकं इतकी एकसारखी दिसतात.

उठाव जास्त असेल तर एका दाबात धातू भरत नाही. दाबायचं, तापवून मऊ करायचं, पुन्हा दाबायचं. प्रत्येक फेरीचे पैसे लागतात, तेव्हा डायवाल्याकडे मॉडेल नेऊन आधीच विचारा की हा उठाव किती दाबांत भरेल. कारागीर बहुधा बोटाने चाचपून सांगतो, आणि त्याचं ऐकावं.

शेवटी रंग. लिव्हर ऑफ सल्फर हे गंधकाचं रसायन कोमट पाण्यात घालून पदक बुडवलं की काळपट तपकिरी होतं. मग उंच भाग बारीक पावडरने घासून उजळ करायचे आणि वर मेणाचा हात. सडक्या अंड्याचा वास येतो, म्हणून हे उघड्यावर करा आणि जवळपास आम्ल ठेवू नका, विषारी वायू सुटतो. तसंच कोरड्या प्लास्टरची आणि मातीची धूळ झाडूने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा, घासताना मास्क लावा. तरुणपणी कुणी ऐकत नाही.

पोटापाण्याचं

नुसत्या पदकांवर घर चालवणारे आपल्याकडे थोडेच. बहुतेक जण पुतळे, स्मृतिचिन्हं, शिकवणं असं मिळून चालवतात. कॉलेजची पारितोषिकं, शताब्दी वर्षं, क्रीडा संघटना ही पदकांची नेहमीची गिऱ्हाइकं. महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शनात विद्यार्थी असतानाच काम पाठवत जा. पदक हीच कला मानणाऱ्यांची फिडेम नावाची आंतरराष्ट्रीय संघटना 1937 पासून आहे. तिच्या प्रदर्शनांतली पदकं पाहिलीत तर पदक म्हणजे गोल आणि चेहरा हा समज जातो.

काम घेताना तीन गोष्टी कागदावर आणा: आगाऊ रक्कम, मातीच्या मॉडेलवर मंजुरीची सही, आणि डाय कुणाच्या मालकीचा. मंजुरी मातीतच घ्या, कारण डाय कापल्यावर “साहेबांची मिशी थोडी कमी करा” म्हणणारं कुणीतरी निघतंच. पहिला नमुना पडला की उजेडात फिरवून बघा, अक्षरांच्या पोकळ्या तपासा, आणि मगच पुढच्या पदकांना हो म्हणा. मागची बाजू पुढच्या बाजूशी सरळ जुळते का तेही बघा. ऑर्डर संपली की ठरल्याप्रमाणे डाय मागून घ्या, तेलाचा हात देऊन मेणकागदात गुंडाळा आणि वर संस्थेचं नाव, साल लिहून कोरड्या जागी ठेवा. तीच संस्था दहा वर्षांनी पुन्हा येते, आणि गंज घासून काढलेल्या डायमधून पहिल्यासारखा चेहरा पडत नाही.